किल्ली दोन सीटांच्या मधे

साबच्या गाडीत पहिल्यांदा चालकाच्या जागी बसणारा माणूस किल्ली हातात घेऊन स्टिअरिंगच्या आजूबाजूला चाचपडत असे. किल्लीची जागा तिथे नसायची. ती असायची दोन सीटांच्या मधे, गिअरच्या दांड्यामागे. गाडी बंद करून किल्ली काढायची तर आधी रिव्हर्स गिअर टाकावा लागे, आणि किल्ली काढली की गिअरबॉक्स रिव्हर्समध्येच अडकून राही. चोराने वायर जोडून इंजिन सुरू केलं तरी गाडी पुढे जायची नाही. पण त्याहून महत्त्वाचं कारण वेगळं होतं. समोरासमोर धडक झाली की चालकाचे गुडघे पुढे आपटतात, आणि तिथे स्टिअरिंगखाली घट्ट रोवलेली किल्ली असेल तर ती गुडघ्याची वाटी फोडते. साबच्या इंजिनिअरांनी १९६७ साली दाखवलेल्या ९९ या मॉडेलमध्ये ती किल्ली तिथून काढलीच.

स्वीडनच्या या छोट्या कंपनीला तऱ्हेवाईक म्हणायची जगभर रीत पडली. चाहते कौतुकाने म्हणत, इतर लोक नाक मुरडून. मला हे वर्णन अपुरं वाटतं. साबच्या जवळजवळ प्रत्येक तऱ्हेमागे कोणीतरी मन लावून सोडवलेला प्रश्न होता. ते प्रश्न सोडवणाऱ्यांच्या हातून निर्णय निसटला आणि तऱ्हा तेवढी मागे राहिली, तिथून कंपनीची उतरण सुरू झाली. २०११ची दिवाळखोरी ही त्या उतरणीची शेवटची पायरी.

आपल्याकडे साब हे नाव वाचकांना ठाऊक असलंच तर ग्रिपेन या लढाऊ विमानामुळे. भारतीय हवाई दलासाठी मध्यम वजनाची लढाऊ विमानं घ्यायची चर्चा चालली होती, तेव्हा रफालच्या जोडीने तेही स्पर्धेत होतं. कंपनीचा जन्मच विमानांसाठी झाला. १९३७ साली, युरोपात युद्धाचे ढग जमत असताना, स्वीडनच्या हवाई दलाला घरची विमानं मिळावीत म्हणून ती स्थापन झाली. युद्ध संपत आलं तेव्हा विमानांची मागणी घटणार हे दिसत होतं. हाताशी कुशल कामगार होते, पत्रा घडवायची यंत्रं होती. मोटार करू या, असं ठरलं. गुन्नार ल्युंगस्ट्रोम या इंजिनिअरने जेमतेम सोळा-सतरा जणांची तुकडी जमवली. त्यातल्या बहुतेकांनी आयुष्यात मोटार बनवलेली नव्हती. रूप दिलं सिक्स्टन सासोन या चित्रकार-आरेखकाने. हासेलब्लाड कॅमेऱ्याचं मूळ रूपही त्याच्याच हातचं.

मोटारीची परंपरा माहीत नसणं हे या लोकांचं मोठं भांडवल ठरलं, असं मला वाटतं. मोटारीला पुढे सरळ उभं तोंड हवं, मडगार्ड वेगळं दिसायला हवं, हे त्यांना कोणी शिकवलेलं नव्हतं. हवेचा अडथळा कमी करायचा एवढं त्यांना कळत होतं. त्यातून विमानाच्या पंखाचा छेद घ्यावा तशी गोलसर, खाली झुकलेली गाडी तयार झाली. तिचा हवारोध आजच्या कित्येक गाड्यांच्या तोडीचा होता. नावही विमानांच्या क्रमानेच आलं: ९० हे प्रवासी विमान, ९१ हे शिकाऊ वैमानिकांचं, म्हणून मोटार ९२. डिसेंबर १९४९ मध्ये तिचं उत्पादन सुरू झालं. सुरुवातीच्या सगळ्या गाड्या एकाच हिरव्या रंगाच्या, आणि डिकीला बाहेरून उघडणारं झाकणच नाही. सामान ठेवायचं तर मागची सीट पुढे पाडायची. पत्र्यात भोक कमी तेवढा सांगाडा मजबूत, हा त्यामागचा हिशेब. गिऱ्हाइकांनी तक्रार केली, १९५३ साली झाकण आलं.

या गाड्यांत टू-स्ट्रोक इंजिन होतं. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घ्यावं लागणारी स्कूटर ज्यांनी चालवली आहे, त्यांना याचं मर्म लगेच कळेल. इंजिनाला वंगण मिळतं ते पेट्रोलबरोबरच. आता लांब उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला, तर इंजिन जोरात फिरत राहतं पण पेट्रोल जात नाही, म्हणजे वंगणही जात नाही. इंजिन कोरडं पडून जाम होण्याची भीती. साबने त्यावर फ्रीव्हील बसवलं. पायडल थांबवलं तरी सायकल पळत राहते तशी ॲक्सिलरेटर सोडताच चाकं इंजिनापासून मोकळी होत. बाहेरच्याला ही लहर वाटे, कारण उतारावर इंजिनाचा ब्रेक लागायचाच नाही. आत पाहिलं तर कार्यकारणाची साखळी स्पष्ट होती. याच चिमुकल्या इंजिनाच्या गाडीतून एरिक कार्लसनने १९६० ते १९६२ अशी लागोपाठ तीन वर्षं ब्रिटनची आरएसी रॅली जिंकली, आणि १९६२ व १९६३ साली माँटे कार्लो रॅलीही. वळणावर वेग कमी करायचा नाही, हे त्याचं तंत्र होतं. एकदा गेलेला वेग परत मिळवण्याइतकी ताकद त्या इंजिनात नव्हतीच.

साबचा खरा बहर मात्र ९९ आणि तिच्यातूनच १९७८ साली आलेली ९०० यांचा. या गाड्यांजवळ थोडं रेंगाळायला हवं. दार उघडलं की पहिली गोष्ट दिसे ती म्हणजे उंबरठा जवळजवळ नाहीच. दाराचा पत्रा खाली वळून उंबरठ्याची जागाही झाकत असे. स्वीडनच्या हिवाळ्यात रस्त्यावर मीठ, चिखल, वितळलेला बर्फ यांचा राडा असतो. इतर गाड्यांतून उतरताना पँटचा पाय हमखास बरबटे; साबमध्ये तो सगळा राडा दाराच्या बाहेरच राही. बॉनेट उघडलं तर इंजिन उलटं बसवलेलं, क्लच पुढच्या बाजूला. गिअरबॉक्स इंजिनाखाली. दिसायला विचित्र; पण क्लच बदलायचा तर इंजिन उतरवावं लागत नसे. समोरची काच विमानाच्या कॉकपिटसारखी गोलाकार, तिच्या कडेचे खांब दणकट. स्वीडनच्या जंगलातून एल्क हे प्रचंड हरीण रात्री रस्त्यावर येतं. त्याचे पाय लांब, त्यामुळे धडकेत त्याचं कित्येक क्विंटलांचं धड थेट काचेवर कोसळतं. ते खांब अशा माऱ्यात टिकावेत असे केले होते. हेडलाइटवर बर्फ आणि चिखल साचतो म्हणून १९७० साली दिव्यांनाच वायपर आले. पुढच्या वर्षी गरम होणारी सीट आली.

टर्बोची गोष्टही अशीच. सत्तरच्या दशकात ताकदवान गाडी म्हणजे मोठं इंजिन, हे समीकरण पक्कं होतं. साबजवळ मोठं इंजिन बनवायला पैसा नव्हता, आणि १९७३च्या तेलटंचाईनंतर त्याला अर्थही उरला नव्हता. टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, याआधी बीएमडब्ल्यू आणि पोर्शेने लावून पाहिला होता, पण तो शर्यतीच्या स्वभावाचा: बराच वेळ काही नाही, मग एकदम धक्का. साबच्या पेर गिलब्रांड या इंजिनिअरने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी उलटा विचार केला. लहान टर्बो घ्यायचा, तो कमी वेगातच कामाला लागेल असं पाहायचं आणि जास्तीचा दाब झडपेतून सोडून द्यायचा. रोजच्या रस्त्यावर, ट्रक ओलांडताना, जिथे ताकद खरोखर लागते तिथे ती मिळावी. १९७७ साली फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ९९ टर्बो आली: दोन लिटरचं इंजिन, १४५ अश्वशक्ती. आज जगभर छोटी टर्बो इंजिनं घरगुती गाड्यांत सर्रास असतात, तो रस्ता साबने मोकळा केला.

एवढं चांगलं चाललं होतं तर कंपनी अडचणीत का आली? याचं उत्तर देताना साबच्या प्रेमात पडलेले लोक अमेरिकेच्या जनरल मोटर्सकडे बोट दाखवतात आणि थांबतात. ते मला पटत नाही. साबने एका वर्षात दीड लाख गाड्या कधीच बनवल्या नाहीत. ऐंशीच्या दशकातल्या सर्वोत्तम वर्षीही आकडा एक लाख चौतीस हजारांच्या आसपास थांबला. नवी गाडी आखायचा खर्च मात्र लाखभर गाड्या विकणाऱ्यालाही जवळपास तेवढाच येतो, जेवढा दहा लाख विकणाऱ्याला. साबच्या इंजिनिअरांना दुसऱ्याचं आहे तसं स्वीकारणं जमतही नव्हतं. १९८४ची साब ९००० फियाट, लान्चा आणि अल्फा रोमिओ यांच्याबरोबर सामायिक सांगाड्यावर बांधली गेली. हेतू खर्च वाचवण्याचा. पण बाजूने धडक बसली तर टिकाव लागला पाहिजे म्हणून साबने आपल्या दारांत जास्तीची मजबुती घातली. ते योग्यच होतं, फक्त त्यात बचतीचा बराच भाग विरघळला. भरीला १९८९ साली माल्मोमध्ये मोठा कारखाना उघडला आणि दोन वर्षांत बंद करावा लागला. त्याच सुमारास जनरल मोटर्सने साठ कोटी डॉलर मोजून मोटार विभागाचा अर्धा वाटा आणि कारभार हाती घेतला. तेव्हा साबला आधाराची गरज होतीच. २०००मध्ये उरलेला अर्धा वाटाही गेला.

जनरल मोटर्सने पैसा ओतला, हे नाकारता येत नाही. वीस वर्षांत नफ्याची वर्षं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पण तो पैसा कशावर खर्च करायचा हे आता साबचा कारखाना असलेल्या ट्रोलहेटन या गावात ठरत नव्हतं. नव्या ९००ला ओपेल व्हेक्ट्राच्या कुळातला सांगाडा मिळाला. ट्रोलहेटनचे लोक तो सुधारत राहिले, मागची चाकं वळणावर नीट वागावीत म्हणून झटत राहिले. १९९७च्या ९-५मध्ये मागून धडक बसताच मान सावरायला आपोआप पुढे सरकणारा डोक्याचा टेकू आला, तो या काळातला अस्सल साब-विचार. रात्री एक बटण दाबलं की वेगमापक सोडून सगळे दिवे विझत. अंधाऱ्या रस्त्यावर डोळ्यांना त्रास नको. हे सगळं वरच्यांना खर्चिक हट्ट वाटे. मॉडेलं मात्र वेळेवर बदलली जात नव्हती. ९-५ बारा वर्षं तीच राहिली.

मग साबच्या नावावर दुसऱ्यांच्या गाड्या विकायची युक्ती निघाली. ९-२एक्स म्हणजे जपानच्या सुबारू इम्प्रेझाचं तोंड बदललेलं रूप. ९-७एक्स म्हणजे अमेरिकेच्या ओहायो राज्यात तयार होणारी शेवरले ट्रेलब्लेझर, ट्रकसारख्या सांगाड्यावरची, हवं तर आठ सिलिंडरचं इंजिन असलेली धिप्पाड गाडी. ती साब वाटावी म्हणून तिच्यात एक गोष्ट आवर्जून केली: किल्ली स्टिअरिंगजवळून काढून दोन सीटांच्या मधे नेली. गुडघ्याच्या वाटीचा विचार करणाऱ्या माणसांनी पस्तीसहून अधिक वर्षांपूर्वी जे केलं, ते आता खूण म्हणून चिकटवलं गेलं. ज्या गाडीत साबच्या विचाराचा दुसरा मागमूस नाही, तिला त्या किल्लीने साब ठरवायचं होतं. साबचे जुने गिऱ्हाईक प्राध्यापक, डॉक्टर, वास्तुरचनाकार अशा चौकस मंडळींमधले. दाराचा पत्रा खाली का वळतो हे समजून घेऊन गाडी घेणारे. त्यांना हा फरक कळणारच होता. कळला, आणि ते ऑडी-बीएमडब्ल्यूकडे वळले.

शेवटची तीन वर्षं पाहवत नाहीत. २००८च्या मंदीत जनरल मोटर्स स्वतःच कोलमडली. स्वीडनच्या सरकारने मोटार कारखान्याचा मालक व्हायला साफ नकार दिला. २०१०च्या आरंभी, वर्षाला मूठभर स्पोर्ट्स कार बनवणाऱ्या स्पायकर या डच कंपनीने साब घेतली. त्या वर्षी जेमतेम बत्तीस हजार गाड्या बनल्या. एप्रिल २०११मध्ये पुरवठादारांची बिलं थकल्याने कारखाना थांबला. पुढे पगारही वेळेवर होईनात. चीनमधल्या कंपन्या पैसा घालायला तयार होत्या, पण गाड्यांतलं तंत्रज्ञान जनरल मोटर्सचं होतं आणि चीनमध्ये तिचा स्वतःचा व्यवसाय होता. तिने परवाना द्यायला नकार दिला. १९ डिसेंबर २०११ रोजी कंपनीने न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज दिला. पन्नासेक हजार वस्तीच्या गावातल्या तीन हजारांहून अधिक माणसांचा रोजगार त्या एका अर्जाने गेला. साठ वर्षांत बाप, मुलगा, नातू अशा पिढ्या त्या दारातून आत गेल्या होत्या. त्यांच्या हातातलं कौशल्य कमी पडलं म्हणून हे झालं नाही, हे ठामपणे सांगायला हवं.

साबचा अंत अटळ होता का? शेजारची व्होल्वो पाहावी. तीही १९९९मध्ये अमेरिकेच्या फोर्डला विकली गेली, २०१०मध्ये चीनच्या जीलीकडे गेली. ती साबच्या तिप्पट-चौपट मोठी होती, हा फरक आहेच. पण जीलीने पैसा दिला आणि गाडीचा सांगाडा, इंजिन, सुरक्षा यांचे निर्णय गोथेनबर्गच्या इंजिनिअरांवर सोपवले. त्यातून २०१४ची नवी एक्ससी९० उभी राहिली आणि कंपनी सावरली. गोथेनबर्गपासून ट्रोलहेटन तासाभराच्या अंतरावर आहे. छोट्या कंपनीला मोठा मालक घ्यावाच लागतो. मालक परका असणं हा दोषही नाही. प्रश्न त्याने हिशेब तपासण्यावर थांबायचं की आरेखनाच्या टेबलावरही बसायचं, एवढाच आहे, आणि जनरल मोटर्सने तिथे चूक केली असं माझं स्पष्ट मत आहे. साबच्या जुन्या व्यवस्थापनाचीही चूक होती. आपण लहान आहोत हे माहीत असून त्यांनी योग्य भागीदार वेळेत शोधला नाही, आणि अगदीच निरुपाय झाल्यावर मिळेल त्याच्या हाती कारभार दिला.

दिवाळखोरीनंतर कंपनीच्या संग्रहालयातल्या गाड्याही विक्रीला निघाल्या, पहिल्या नमुन्यासकट. तेव्हा नगरपालिका, वालेनबर्ग या उद्योजक घराण्याची संस्था आणि विमानं बनवणारी साब कंपनी यांनी मिळून तो संग्रह विकत घेतला, आणि तो गावातच राहिला. कारखाना नेव्हस या नव्या कंपनीकडे गेला. तिने २०१३च्या अखेरीस ९-३ पुन्हा बनवायला घेतली, पण काही महिन्यांतच पैसे संपले. २०१४ साली विमान कंपनीने नावाचा परवाना काढून घेतला, आणि त्यानंतर साब नावाची एकही नवी मोटार बनलेली नाही.