नोट आणि बोट

कल्पनेची चोरी होते असे आपण सहज म्हणतो. परंतु जी वस्तू चोरीला गेल्यावरही मालकापाशी जशीच्या तशी शिल्लक राहते, तिला चोरीचा न्याय लावावा कसा, हे आपण फारसे पाहत नाही. घरच्या चकलीच्या भाजणीचे प्रमाण शेजारी गेले म्हणून आपल्या डब्यातली एकही चकली कमी होत नाही. तरीही "ती भाजणी मूळची आमची बरं का," असे सांगताना घरच्या मंडळींच्या आवाजाला जी धार येते, ती काही खोटी नसते. त्या धारेला न्यायाच्या दरबारात बसायला जी खुर्ची मिळाली आहे, तिचे नाव पेटंट. सरकारी मराठीत त्याला एकस्व म्हणतात. शब्द अवघड खरा, पण मोठा प्रामाणिक आहे: एकाचे स्व, म्हणजे इतरांचे नव्हे.

हे सारे विचार मनात आले ते पैसे देणाऱ्या यंत्रामुळे, ज्याला आता लहान मुलेही एटीएम म्हणतात. या यंत्राचा जनक कोण, असे विचारले तर दोन-तीन पाळणे हलू लागतात. लूथर सिमजियन यांचे पैसे भरून घेणारे यंत्र १९६१ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये बसवले गेले आणि गिऱ्हाइके फिरकेनात म्हणून सहा महिन्यांत काढून टाकले गेले. पुढे २७ जून १९६७ रोजी लंडनच्या एन्फील्ड भागात बार्कलेज बँकेच्या भिंतीतून नोटा बाहेर येऊ लागल्या. हे यंत्र जॉन शेफर्ड-बॅरन यांचे. हे गृहस्थ जन्मले आपल्या शिलाँगला. चॉकलेट देणारे यंत्र असते, मग पैसे देणारे का नसावे, हा विचार आपल्याला न्हाणीघरात सुचला असे ते सांगत. त्यांच्या यंत्रात एक खास धनादेश सरकवायचा आणि गुप्त आकडा दाबायचा. आकडा सहा अंकी ठेवावा असे त्यांच्या मनात होते. पण स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून पत्नीने सांगितले की, मला चारच आठवतील. तेव्हापासून चार.

पण त्याच्या वर्षभर आधी, २ मे १९६६ या तारखेने, जेम्स गुडफेलो या स्कॉटिश अभियंत्याचा पेटंटसाठीचा अर्ज ब्रिटनमध्ये नोंदवला गेला होता. छिद्रे पाडलेले प्लास्टिकचे कार्ड, आकडे दाबायच्या कळा, आणि दोहोंचा मेळ बसला तरच नोटा सोडणारी यंत्रणा. त्या धर्तीचे यंत्रही १९६७ च्याच उन्हाळ्यात लंडनमध्ये दुसऱ्या एका बँकेत उभे राहिले. एकाच मोसमात एकाच शहरात दोन माणसांची झाडे फळाला यावीत, यात मला नवल वाटत नाही. बँकांना शनिवारी बंद राहायचे होते, लोकांना पैसे हवे होते. गरज हवेत असली की ती अनेकांच्या नाकात शिरते.

म्हणूनच 'भिंतीने पैसे द्यावेत' या कल्पनेला कायदा कुंपण घालू देत नाही, आणि ते मला योग्य वाटते. इच्छेला कसले पेटंट? उडणारे गालिचे आजीबाईंच्या गोष्टींत शेकडो वर्षे उडत आहेत. प्रश्न असतो तो 'कसे' याचा. आणि या यंत्रातला खरा 'कसे' मोठा गमतीचा आहे. तिजोरी नव्हे, आकडा नव्हे. गड्डीतून एक, फक्त एक, नोट वेगळी काढणे!

बँकेतला जुना रोखपाल आठवा. ओल्या स्पंजाला बोट लावून तो नोटा सरसर मोजीत असे. दोन नोटा चिकटून आल्या तर त्याचे डोळे नव्हे, बोटच थबकत असे. हे बोट यंत्राला द्यायचे म्हणजे काय करायचे? कोणी रबरी चाक फिरवून वरची नोट ओढली आणि तिच्या खालची मागे अडवून धरली. कोणी हवा शोषणाऱ्या वाट्यांनी नोट उचलली. मग ती दोन रुळांतून जाते आणि तिची जाडी मोजली जाते. ही जाडी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढी! दोन नोटा एकत्र आल्या असतील तर त्या गिऱ्हाइकाकडे न जाता आतल्या नाकारलेल्या नोटांच्या पेटीत पडतात. नोट नवी कोरी असते, मळकी असते, दुमडलेली असते, दमट हवेने शेजारणीला बिलगलेली असते. या सगळ्या स्वभावांची चाकाने समजूत घालायची. नोव्हेंबर २०१६ मध्ये नव्या नोटा वेगळ्या मापाच्या निघाल्या, तेव्हा देशातल्या लाखो यंत्रांना नव्याने माप शिकवीपर्यंत माणसे रांगेत उभी राहिली, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्या दिवसांत 'कल्पना' जागेवरच होती. अडले होते ते बोट.

आता अशा चाकारुळांच्या रचनेला पेटंट द्यावे काय? आपला १९७० चा कायदा म्हणतो की, माहीत असलेल्या वस्तू नुसत्या शेजारी शेजारी मांडल्या आणि प्रत्येक आपापले जुनेच काम करीत राहिली, तर तो शोध नव्हे. हे कलम वाचताना मला दिवाळीतला सोऱ्या आठवतो. पितळी सोऱ्याला घड्याळ बसवले तर घड्याळ वेळ दाखवील आणि सोऱ्या चकली पाडील. दोघांचा एकमेकांशी संबंध एवढाच की दोघे एका दांडीला टांगले आहेत. पण दांडीचे ठरावीक वेढे झाले की आतली पाती आपोआप फिरून चकली तोडील, अशी जोडणी कोणी केली, तर तेथे दोन वस्तूंचा संसार सुरू झाला. गुडफेलोंच्या रचनेत असाच संसार होता. कार्डही जुने, कळाही जुन्या. पण एकावाचून दुसरे मुके.

तरीही प्रत्येक संसार नवा ठरत नाही. मिर्झापूरच्या भांडी बनवणाऱ्या एका कारखान्याने १९५१ साली एका युक्तीचे पेटंट मागितले होते. लेथवर भांडे कातताना ते निसटून कामगाराच्या अंगावर उडे. म्हणून त्याला समोरून दाबून धरणारा टोकदार दांडा बसवला. पेटंट मिळालेही. दुसऱ्याने तीच युक्ती वापरली, आणि भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९७८ साली न्यायालयाने सांगितले की, असा दांडा लेथच्या धंद्यात पूर्वीपासून ठाऊक होता. ही कारखान्यातली सुधारणा झाली, शोध नव्हे. पेटंट रद्द झाले. कामगाराच्या छातीवर येणारे भांडे थांबले, हे पुण्य कमी नाही. परंतु उपयोगी असणे निराळे आणि नवे असणे निराळे. चांगला कारागीर रोज काहीतरी सुधारतोच. त्याच्या प्रत्येक सुधारणेला कुंपण पडले तर शेजारच्या कारागिराने हात चालवायचे कुठे?

यासाठी कायद्याने एक काल्पनिक माणूस उभा केला आहे: त्या धंद्यातला जाणकार. त्याला जे उघड दिसेल त्याला पेटंट नाही. याने सारे वाचलेले असते, याला सारे ठाऊक असते, मात्र याला स्वतःहून काही सुचत नाही. (असे एक काका बहुतेक घरांत असतात.) धोका असा की, उत्तर समोर आल्यावर आपण सगळेच तो जाणकार होतो. "त्यात काय मोठेसे? मलाही सुचले असते," हे वाक्य तर्काचे आहे की मत्सराचे, हे ओळखणे न्यायाधीशालाही सोपे नसावे.

शेफर्ड-बॅरन यांनी पेटंट घेतलेच नाही. अर्ज करायचा तर आकड्याची सांकेतिक पद्धत उघड करावी लागेल आणि चोरांना ती आयती मिळेल, असा सल्ला त्यांना वकिलांनी दिला होता. हा सल्ला शहाणपणाचा असेल. परंतु एकस्व हा मुळात सौदा आहे: तू आपली विद्या जगाला सांग, जग तुला काही वर्षे, आपल्याकडे वीस वर्षे, तिचा एकट्याने उपभोग घेऊ देईल. ज्याने विद्या झाकून ठेवली त्याला कीर्ती मिळो, त्याचा हेवा करू नये. पण झाकून ठेवलेल्या गोष्टीवर हक्क सांगता येत नाही. या बाबतीत माझे मत गुडफेलोंच्या बाजूने पडते. त्यांनी सांगितले.

आणि त्यांना मिळाले काय? ते नोकरीत होते, पेटंटची मालकी कंपनीची. पंधरा देशांसाठी केलेल्या सह्यांबद्दल प्रत्येकी एक डॉलर, त्यांच्या हिशोबाने सुमारे १० पौंड, हातात पडल्याचे त्यांनी सांगितले आहे. एन्फील्डच्या यंत्रातून एका वेळी जास्तीत जास्त तेवढेच पौंड निघत. ब्रिटिश सरकारने सन्मान केला तो २००६ साली, शेफर्ड-बॅरन यांच्या सन्मानानंतर एका वर्षाने.

हा अन्याय पेटंटच्या कायद्याचा, की पगाराच्या कराराचा? कंपनी म्हणेल, विचार करण्यासाठीच तर पगार दिला होता. त्यात तथ्य आहे. शंभर अभियंत्यांच्या फसलेल्या विचारांचा पगारही तिनेच दिलेला असतो. तथापि पगार विचारांचा असतो, आणि या विचाराचे फळ पगाराच्या मापात मावत नाही, हेही खरे. ब्रिटनने १९७७ च्या कायद्यात ही अडचण मान्य केली. मालकाला पेटंटपासून असाधारण लाभ झाला तर नोकराला वाजवी हिस्सा मागता येतो. गुडफेलोंना त्याचा उपयोग नव्हता. त्यांचे काम आधीचे. पण प्राध्यापक इयन शँक्स यांना झाला. युनिलिव्हरच्या नोकरीत असताना १९८२ साली त्यांनी रक्तातली साखर मोजण्याची एक युक्ती शोधली. कंपनीला त्या पेटंटांपासून सुमारे २ कोटी ४० लाख पौंड मिळाले. शँक्स यांनी २००६ साली दावा मांडला आणि २०१९ मध्ये, म्हणजे तेरा वर्षांनी, सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या पदरात २० लाख पौंड घातले. ते उपकरण त्यांनी पहिल्यांदा घरी बसून जुळवले होते, मुलीच्या खेळण्यातल्या सूक्ष्मदर्शकाच्या काचा घेऊन. तिने आपला हिस्सा मागितल्याचे मात्र ऐकिवात नाही.