सावकाश फिरण्याची किंमत

जगात वेग स्वस्त आहे आणि सावकाशी महाग. आगगाडीच्या भाड्यांचा दाखला देऊन तुम्ही माझ्याशी वाद घालाल. पण एकदा धार लावायच्या ग्राइंडरची मोटर घ्यायला निघा, म्हणजे पटेल. बाजारातला साधा ग्राइंडर मिनिटाला सुमारे २८५० फेरे मारतो आणि बिनबोभाट घरी येतो. तोच 'हवा तेव्हा भरभर आणि हवा तेव्हा हळू' फिरावा म्हणालात, की मोटर वेगळी, कंट्रोलर वेगळा आणि बिल तर फारच वेगळे!

सावकाशी हवी कशाला, तर पटाशीसाठी. सुतारकाम हा माझा निवृत्तीनंतरचा उद्योग. ('उद्योग' हा शब्द आमच्या घरात जरा निराळ्या सुरात उच्चारतात.) पटाशीच्या पोलादाला पाणी दिलेले असते. भरधाव दगडावर ती दाबून धरली की टोक तापते. आधी पिवळसर, मग तपकिरी आणि मग निळे होते. निळे झाले की पाणी उतरले, धार टिकायची नाही. माणसाचेही पाणी असेच उतरते. फक्त त्याचा रंग बदलत नाही, म्हणून समाज सुरळीत चालतो.

शेजारचे नाना म्हणाले, "अहो, पंख्याचा रेग्युलेटर लावा की! दोन पैशांचं काम." नानांना जगातल्या सर्व प्रश्नांवर दोन पैशांचा उपाय ठाऊक असतो. मी तो तपकीर गल्लीतल्या दुकानदाराला सांगितला. तो शांतपणे म्हणाला, "काका, या मोटरचा वेग मुख्यतः विजेच्या आवर्तनांवर ठरतो. आपल्याकडे सेकंदाला ५०. रेग्युलेटरनं तिची ताकद तेवढी जाईल. पटाशी टेकवलीत की नुसती गुरगुरेल आणि तापेल."

वेग न बदलता नुसते गुरगुरणारे आणि तापणारे मी नोकरीत पुष्कळ पाहिले होते. त्यामुळे मुद्दा लगेच समजला.

मग त्याने दोन वाटा दाखवल्या. एक डीसी मोटर. ती कमी वेगातही जोर धरते, पण तिचे कार्बन ब्रश झिजतात आणि दगडाच्या धुळीशी त्यांचे जमत नाही. दुसरी थ्री फेज मोटर आणि तिच्यासाठी ड्राइव्ह. हा ड्राइव्ह म्हणजे मोठा हुशार डबा. घरची सिंगल फेज वीज आत घेतो, तिची डीसी करतो आणि तिच्यातून पुन्हा हव्या त्या आवर्तनांचे तीन फेज घडवतो. मात्र मोटर २३० व्होल्टवर डेल्टा जोडणीत चालणारी हवी, आणि मंद वेगात तिला फार वेळ राबवायची नाही. कारण तिला वारा घालणारा पंखा तिच्याच दांड्यावर बसवलेला असतो. ती मंदावली की वाराही मंदावतो. मी दुसरी वाट धरली.

पैसे मोजताना दुकानदार सहज म्हणाला, "हा १०० आवर्तनांपर्यंतसुद्धा नेता येतो बरं का!"

आणि इथे मोटरीचा प्रश्न संपून धर्माचा प्रश्न सुरू झाला.

कारण माझ्या सहा इंची दगडावर त्याची मर्यादा छापलेली आहे: सेकंदाला ३५ मीटर. ५० आवर्तनांना त्याची कड साधारण २२ मीटरने धावते. १०० ला ती ४५ च्या घरात जाईल. वेग दुप्पट झाला की दगडाला फाडू पाहणारा ताण चौपट होतो. मग दगड फुटतो, आणि समोर कोण उभे आहे हे तो विचारत नाही. माझ्या कामाच्या खोलीत नानांचा बारा वर्षांचा नातू येऊन उभा राहतो. त्याला जगातले प्रत्येक बटण शेवटपर्यंत फिरवून पाहायचे असते.

ड्राइव्हमध्ये वरची मर्यादा ५० ला बांधून वर सांकेतिक आकड्याचे कुलूप घालता येते. ही म्हणाली, "मग घाला की! विचार कसला करताय?"

विचार असा, की रस्त्यावरून फिरणारा धारवाला पायाने चाक फिरवायचा. त्याचा वेग त्याच्या पोटरीपेक्षा वाढणे शक्यच नव्हते. त्याला संयमी म्हणायचे का? ज्याला धावताच येत नाही, त्याच्या सावकाशीचे कौतुक काय? खरा संयम धावता येत असून न धावण्यात. मग कुलूप घालणे म्हणजे आपल्या संयमावर आपणच अविश्वासाचा ठराव मांडणे नव्हे काय?

हे मी हिला सविस्तर ऐकवले. ती म्हणाली, "तुमचा संयम तुमच्यापाशी ठेवा. दगड फुटला तर तो त्या पोराला लागेल, तुमच्या संयमाला नाही."

यावर उत्तर नव्हते. आपली परीक्षा आपण जरूर द्यावी, पण परीक्षेची फी दुसऱ्याच्या डोळ्याने भरू नये. मर्यादा मोटरीच्या ताकदीवरून ठरत नाही. जोडणीतल्या सर्वांत ठिसूळ वस्तूवरून ठरते, आणि ती वस्तू पुष्कळदा दगडाच्याही पुढे उभी असते.

भीष्मांच्या प्रतिज्ञेला कुलूप होते, पण ते उघडायचा आकडा नव्हता. त्याचे परिणाम आपण महाभारतात वाचतो. माझ्या कुलपाला आकडा आहे. तो मी हिच्या हातून घातला आणि मला सांगू नको असे बजावले. पन्नासच्या खाली मात्र मी संपूर्ण स्वतंत्र आहे. पंचविसावर पटाशी लावतो, अधूनमधून पाण्यात बुडवतो, निळी होऊ देत नाही.

परवा नाना विचारत होते, एवढे पैसे घालून शेवटी मिळवलंत काय? मी म्हटले, "निम्मा वेग." ते अजून हिशेब करताहेत.