कारण असं करायचं नसतं

‘टर्मिनेटर २’ मी पहिल्यांदा पाहिला तो चुलतभावाने आणलेल्या दोन सीडींवर. पहिली संपली की उठून दुसरी घालायची. दुसरीवर ओरखडे होते, त्यामुळे मध्येच चित्राचे चौकोन व्हायचे. आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही, कारण आम्हाला फक्त पाऱ्यासारखा वितळणारा तो पोलीस बघायचा असायचा. तो गजांमधून आरपार जातो आणि हातातलं पिस्तूल तेवढं गजांना अडकतं, हे आम्ही किती वेळा मागे नेऊन पाहिलं असेल! मधला बराच भाग, ज्यात हा पोलीस जवळजवळ नाहीच, आम्ही सरळ फॉरवर्ड करायचो. त्यात माणसं नुसती बोलत बसतात, अशी आमची तक्रार होती.

गेल्या महिन्यात एका रात्री सिनेमा पुन्हा लावला. पाऱ्याचा पोलीस अजूनही भारी वाटला. पण झोप उडवली ती त्या फॉरवर्ड केलेल्या भागाने. (पुढे सगळी गोष्ट फोडली आहे. सिनेमा १९९१चा आहे, त्यामुळे माफी मागत नाही. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी आधी पाहून यावं, लेख इथेच असेल.)

आधी थोडक्यात गोष्ट. १९८४च्या पहिल्या सिनेमात भविष्यातून एक यंत्रमानव येतो आणि सारा कॉनर नावाच्या एका साध्या वेट्रेसच्या मागे लागतो. तिचा गुन्हा एवढाच की पुढे तिला मुलगा होणार आहे आणि तो यंत्रांविरुद्ध माणसांचं नेतृत्व करणार आहे. दुसऱ्या सिनेमात तो मुलगा, जॉन, दहा वर्षांचा आहे. त्याला मारायला पाऱ्याचा पोलीस येतो आणि वाचवायला पहिल्या भागातल्या खलनायकासारखाच दिसणारा यंत्रमानव येतो, म्हणजे अर्नोल्ड श्वार्झनेगरच. सारा मनोरुग्णालयात डांबलेली आहे. २९ ऑगस्ट १९९७ला स्कायनेट नावाची लष्करी संगणक यंत्रणा अणुयुद्ध पेटवणार आणि ३०० कोटी माणसं मरणार, असं ती सांगते आणि कुणीही तिच्यावर विश्वास ठेवत नाही. ती खरं बोलतेय हे प्रेक्षकांना माहीत असतं.

सिनेमाच्या सुरुवातीकडे एक पार्किंगमधला प्रसंग आहे. यंत्रमानव आपलं प्रत्येक म्हणणं ऐकतो हे जॉनला नुकतंच कळलंय आणि त्या मस्तीत तो मदतीला आलेल्या दोघांशी उगाच भांडण काढतो. यंत्रमानव शांतपणे त्यातल्या एकावर पिस्तूल रोखतो. जॉन त्याच्या हाताला लोंबकळतो म्हणून गोळी भलतीकडे जाते. मग जॉन त्याला झापतो, असं लोकांना मारत सुटायचं नसतं. यंत्रमानव विचारतो, का? जॉन पुन्हा तेच सांगतो. यंत्रमानव पुन्हा विचारतो, का? जॉनकडे उत्तर नाही. नसतं करायचं, माझ्यावर विश्वास ठेव, एवढंच तो म्हणू शकतो.

लहानपणी हा विनोद वाटायचा. आता वाटतं की पुढचा सगळा सिनेमा या ‘का?’चं उत्तर शोधत राहतो.

कारण नंतर हाच प्रश्न साराच्या बाबतीत उभा राहतो, आणि तिच्याकडे कारण आहे. स्कायनेटचा पाया ज्या प्रोसेसरवर उभा राहणार, तो बनवणारा इंजिनिअर तिला समजलाय. माइल्स डायसन. बायको आहे, लहान मुलगा आहे, आणि तो रात्री घरीही कॉम्प्युटरसमोर बसलेला असतो. सारा बंदूक घेऊन एकटी निघते. ती कुठे गेली हे जॉनच्या लक्षात येतं, तेव्हा यंत्रमानव त्याला एक वाक्य सुनावतो: डायसनला मारलं तर कदाचित युद्ध खरंच टळेल. जॉन चिडतो. मला पर्वा नाही, म्हणतो. तू अजून काहीच शिकला नाहीस का?

मी इथे सिनेमा थांबवला, कारण हिशेब यंत्राचा बरोबर आहे. एका पारड्यात एक माणूस, दुसऱ्यात ३०० कोटी. दहा वर्षांच्या मुलाच्या ‘मला पर्वा नाही’ला या हिशेबापुढे काय किंमत आहे? समोर बसून कुणी मला हे विचारलं असतं, तर मीही बहुधा डोळे खाली घालून डायसनच्या विरोधात मत दिलं असतं.

आणि मग डायसनच्या पाठीवर लेझरचा लाल ठिपका सरकायला लागतो.

हा ठिपका आपण आधी पाहिलाय. पहिल्या सिनेमात यंत्रमानवाच्या पिस्तुलाला असंच लेझर होतं आणि तो ठिपका साराच्याच कपाळावर आला होता. जी बाई न झालेल्या मुलामुळे मारली जाणार होती, तीच आता न झालेल्या युद्धासाठी दुसऱ्याला मारायला आलीय. कॅमेरून हे संवादांत सांगत नाही, नुसता तो ठिपका दाखवतो.

यावर एक रास्त आक्षेप आहे. स्कायनेटला माणसं संपवायची आहेत, साराला वाचवायची आहेत, मग दोघांना एका रांगेत कसं बसवायचं? हेतूत फरक आहेच. पण खुर्चीत पाठमोरा बसलेल्या डायसनच्या बाजूने पाहिलं तर तो कुठेच दिसत नाही. दोन्हीकडे माणूस मारला जातोय तो त्याने जे केलेलं नाही त्यासाठी.

शिवाय साराकडे एक गोष्ट आहे जी तुमच्या-माझ्याकडे कधीच नसते. तिला भविष्य ठाऊक आहे. आपल्या जगात ‘पुढे हा काय करेल’ या नावाखाली जे होतं, ते याच्या शतांश खात्रीवरही होतं. २००३मध्ये इराककडे महासंहारक अस्त्रं आहेत असं सांगून युद्ध झालं आणि ती अस्त्रं सापडली नाहीत. आपल्या राज्यघटनेच्या कलम २२मध्येही प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेला जागा ठेवलेली आहे, म्हणजे गुन्हा करेल या शंकेवरून माणसाला डांबता येतं. त्याची गरज का पडते यावर वाद घालता येईल. पण ज्याला डांबलंय त्याला स्वतःला निर्दोष सिद्ध करायला जागाच उरत नाही. न केलेली गोष्ट मी करणार नव्हतो, हे कोण कसं सिद्ध करणार?

आता गोळीकडे परत येऊ. सारा ट्रिगर ओढते त्याच क्षणी डायसनच्या मुलाची रिमोटवरची खेळण्यातली गाडी बापाच्या पायाला धडकते, बाप खाली वाकतो आणि गोळी चुकते. म्हणजे सारा खुनी ठरली नाही ती एका खेळण्यामुळे. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोन तत्त्वज्ञांनी १९७६मध्ये अशा प्रकाराला ‘मॉरल लक’ म्हटलं होतं: आपण चांगले की वाईट ठरतो त्यात नशिबाचा आपल्याला आवडतो त्यापेक्षा मोठा वाटा असतो. पण सिनेमा इथे थांबत नाही. सारा गोळ्यांचा वर्षाव करते, घरात शिरते आणि जखमी डायसनवर अगदी जवळून पिस्तूल रोखते. मुलगा मध्ये येतो, बायको रडतेय. आता चुकवायला गाडी नाही. इथे ती गोळी झाडत नाही, आणि हे मात्र तिचं स्वतःचं. ती कोपऱ्यात कोसळते. तिच्याकडचा हिशेब बदललेला नाही, ३०० कोटी अजून तितकेच आहेत. तरी तिला ते जमत नाही. जॉनला जे शब्दांत सांगता आलं नव्हतं, ते हेच असावं.

मग डायसन निर्दोष आहे का? जॉन आणि यंत्रमानव येऊन पोचतात, त्याला सगळं सांगतात, तेव्हा तो म्हणतो की मी अजून जे केलंच नाही त्यावरून तुम्ही मला दोषी ठरवताय. आम्हाला कसं कळणार होतं? मला त्याचं पटतं. पण सिनेमात आधी एक छोटासा प्रसंग येऊन गेलेला असतो. त्याचा सगळा शोध उभा आहे तो तिजोरीत ठेवलेल्या एका मोडक्या चिपवर. पहिल्या यंत्रमानवाचा तो अवशेष. ही आली कुठून, असं एक सहकारी विचारतो. डायसन सांगतो की मीही एकदा वर विचारलं होतं, तर म्हणाले, विचारू नकोस.

त्याने एकदा विचारलं आणि मग पुन्हा विचारलं नाही. भविष्यातल्या ३०० कोटींचा भार मी त्याच्यावर टाकणार नाही. पण हे न विचारणं भविष्यातलं नाही. ते त्याने केलेलं आहे.

झोप उडाली ती इथे. २०२१मध्ये मी कर्ज देणाऱ्या एका ॲपच्या टीममध्ये होते. ॲप फोनमध्ये टाकलं की त्यातले सगळे कॉन्टॅक्ट्स सर्व्हरला पाठवायचे, हे काम माझ्याकडे आलं. मीटिंगमध्ये मी विचारलं, पूर्ण यादी कशाला हवी? ओळख पडताळायला, असं उत्तर मिळालं, आणि वर ‘तो बिझनेसवाल्यांचा विषय आहे’. मी मान हलवली. कोड चांगला लिहिला. फोन स्लो होत नाही म्हणून कौतुकही झालं. काही महिन्यांनी बातम्या वाचल्या की अशा ॲपचे वसुलीवाले कर्जदारांच्या नातेवाइकांना, ऑफिसातल्या लोकांना फोन करून त्यांची अब्रू काढतात. सप्टेंबर २०२२मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्ज देणाऱ्या ॲपना कॉन्टॅक्ट्स घ्यायला मनाई केली. आमच्या यादीचं काय झालं ते मला ठाऊक नाही. तोवर मी नोकरी बदलली होती, आणि जुन्या मित्रांना कधी विचारलं नाही.

कुणी माझ्या पाठीवर लाल ठिपका आणला असता तर तो अन्याय झाला असता, हे मला आजही वाटतं. मला हवं होतं ते डायसनला मिळालं ते: कुणीतरी समोर बसून, हे पुढे कुठे जाणार आहे, हे सांगणं. ते ऐकल्यावर डायसन स्वतः उठतो, घरातल्या फायली जाळतो, त्यांना कंपनीत घेऊन जातो आणि आपली कित्येक वर्षांची मेहनत उडवून द्यायला मदत करतो. पोलिसांच्या गोळ्या लागल्यावर स्फोटकांच्या बटणावर जड वस्तू धरून बसतो, इतरांना बाहेर पडता यावं म्हणून. शेवटचे श्वास मोजत. जिवंत डायसन मेलेल्या डायसनपेक्षा उपयोगी पडला, हे खरं. पण ती लेखकाने केलेली सोय आहे. तिला पुरावा म्हणता येत नाही.

हे कॅमेरूनलाही जाणवलं असावं. त्याने आधी वेगळा शेवट चित्रित केला होता: २०२९ साल, म्हातारी सारा बागेत बसलेली, जॉन सिनेटर झालेला, युद्ध झालंच नाही. तो शेवट त्याने काढून टाकला. त्याऐवजी रात्रीचा रस्ता आहे, हेडलाइटच्या उजेडात दिसेल तेवढाच, आणि साराचा आवाज. तो बागेतला शेवट राहिला असता तर साराला प्रमाणपत्र मिळालं असतं की बघ, पिस्तूल खाली घेतलंस ते बरोबरच होतं. रस्त्याच्या शेवटात तसलं काही मिळत नाही. उद्या युद्ध झालं तरीही त्या रात्री तिने केलं ते बरोबर होतं का, हे तिलाच ठरवावं लागतं. २००३च्या तिसऱ्या भागात ते युद्ध होतंच, आणि म्हणूनच तो भाग मी पुन्हा पाहत नाही.

सिनेमा संपला तेव्हा अडीच वाजले होते. जुन्या टीममधल्या एकाचा नंबर अजून फोनमध्ये होता. सकाळी त्याला मेसेज केला: ‘ती कॉन्टॅक्ट्सची यादी नंतर कुठे जायची रे?’ दोन निळ्या टिका आल्या आहेत. उत्तर अजून आलेलं नाही. या वेळी मी पुन्हा विचारणार आहे.