हातोडा शोधता शोधता

सामान्य काळातील सतरावा रविवार
वाचने : १ राजे ३:५, ७-१२; रोम ८:२८-३०; मत्तय १३:४४-५२



आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशू स्वर्गाच्या राज्याला शेतात लपवलेल्या ठेवीची उपमा देतो. पुरलेले धन म्हटले की आपल्याला आजीच्या गोष्टी आठवतात. विहिरीच्या काठी पुरलेला हंडा आणि त्यावर राखण करणारा नाग! त्या गोष्टी ऐकता ऐकता आपण झोपी जात असू. येशूचा हा दाखलाही आपण तसाच ऐकतो आणि मिस्सा संपून घरी पोहोचेपर्यंत विसरून जातो. पण प्रियजनहो, असे धन खरोखर सापडते. आणि ते सापडले की धनापेक्षा माणसाचीच परीक्षा होते. अशीच एक घडलेली घटना आज आपण मनन करण्यासाठी घेऊ या.

इंग्लंडच्या पूर्व भागात सफोक नावाचा परगणा आहे. तेथील हॉक्सन गावाजवळ १९९२ साली एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. साधा लोखंडी हातोडा. त्याने आपला मित्र एरिक लॉज याला बोलावले. लॉज हा बागकामातून निवृत्त झालेला माणूस. निवृत्तीच्या वेळी त्याला एक मेटल डिटेक्टर भेट मिळाला होता. १६ नोव्हेंबर रोजी तो यंत्र घेऊन मित्राच्या शेतात फिरू लागला. यंत्र वाजले. त्याने खणून पाहिले तर हातात आले चांदीचे चमचे, सोन्याचे दागिने आणि नाणीच नाणी!

आता येथे क्षणभर थांबू या. शेत निर्जन आहे, माती भुसभुशीत आहे आणि हाताखाली सोने आहे. आपण त्या जागी असतो तर काय केले असते? मनातल्या मनात प्रामाणिकपणे उत्तर देऊ या.

लॉजने खणणे थांबवले. त्याने आणि त्याच्या मित्राने पोलिसांना कळवले आणि ती जमीन ज्यांच्या मालकीची होती त्या परगणा कौन्सिललाही कळवले. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्व खात्याची माणसे आली आणि त्यांनी सर्व ठेव व्यवस्थित बाहेर काढली. सुमारे साठ सेंटिमीटर लांबीची ओक लाकडाची पेटी होती. लाकूड बहुतेक कुजून गेले होते. पण कोणती वस्तू कोठे ठेवली होती, मध्ये गवत कसे भरले होते, हेसुद्धा कळून आले. कारण कोणी अधाशीपणाने हात घातला नव्हता. रोमन काळातील १४,८६५ नाणी आणि सुमारे दोनशे सोन्याचांदीच्या वस्तू त्या पेटीत होत्या. त्यांत मिरपूड ठेवण्याची चांदीची चार सुंदर पात्रे होती. त्या काळी रोमन लोक खात असलेली मिरी आपल्याच भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून, मलबारातून जात असे. पुढे ब्रिटिश म्युझियमने ही सारी ठेव घेतली आणि लॉजला १७ लाख ५० हजार पौंडांचे बक्षीस मिळाले. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे बक्षीस शोधणाऱ्याचे होते. शेत कसणाऱ्याला वाटा देण्याचे कसलेही बंधन त्याच्यावर नव्हते. तरीही लॉजने आपल्या मित्राला वाटा दिला. आणि हातोडा? तोही सापडला. तोसुद्धा आज ब्रिटिश म्युझियममध्येच आहे.

आता यंत्राविषयी थोडेसे. काठीच्या टोकाला तारेचे वेटोळे असते. त्यातून वीज खेळवली की भोवताली चुंबकीय क्षेत्र तयार होते. ते जमिनीतील धातूपर्यंत पोहोचले की त्या धातूतही बारीकसा विद्युतप्रवाह निर्माण होतो. धातूने दिलेले हे उत्तर यंत्र टिपते आणि माणसाच्या कानात आवाज होतो. परंतु सोन्याचे नाणे आणि थंड पेयाच्या डब्याची कडी यांचा आवाज पुष्कळ वेळा सारखाच येतो. यंत्र फक्त एवढेच सांगते की येथे काहीतरी आहे. ते काय आहे हे पाहायला माणसालाच गुडघे टेकावे लागतात. म्हणून या छंदात दोनच गुण कामाचे : हळू चालणे आणि लक्ष देऊन ऐकणे.

पहिल्या वाचनात शलमोन राजा देवाकडे हेच मागतो. त्याला दीर्घायुष्य मागता आले असते, धन मागता आले असते. त्याने बुद्धी मागितली. मूळ हिब्रू भाषेत त्याचे शब्द फार अर्थपूर्ण आहेत. तो ‘ऐकणारे हृदय’ मागतो. आपल्या प्रत्येकाच्या आत देवाने असे एक यंत्र बसवलेले आहे. त्याला आपण सदसद्विवेकबुद्धी म्हणतो. ती वाजते, पण आपल्याला ओढत नेत नाही. वाकून पाहण्याचे स्वातंत्र्य देवाने आपल्याकडेच ठेवले आहे. आणि जो माणूस सतत घाईत, सतत गोंगाटात असतो, त्याच्या आतले यंत्र वाजत असूनही त्याला ऐकू येत नाही.

येथे काही चाणाक्ष श्रोते आम्हांला विचारतील, फादर, दाखल्यातल्या माणसाने तर ठेव पुन्हा लपवली! मालकाला न सांगता शेत विकत घेतले! मग तो प्रामाणिक कसा? प्रश्न योग्य आहे. पण दाखल्यात प्रत्येक गोष्टीचे अनुकरण करायचे नसते. येशूने अन्यायी कारभाऱ्याचा दाखलाही सांगितला, म्हणून त्याने लबाडीला आशीर्वाद दिला असे होत नाही. येथे येशूचे बोट एकाच गोष्टीकडे आहे : त्या माणसाने आनंदाच्या भरात आपले सर्वस्व विकले. शिवाय स्वर्गराज्य ही ठेव अशी आहे की ती एकाने घेतली म्हणून दुसऱ्याची कमी होत नाही. सोने वाटले की कमी होते. देवाचे राज्य वाटल्याने वाढते. ज्याला ते खरोखर सापडले, त्याची सोन्यावरची मूठ आपोआप सैल होते. लॉजच्या मनात काय होते हे देवच जाणे. पण त्याची मूठ सैल होती, एवढे मात्र आपण पाहू शकतो.

याच्या उलट घटनाही आहे. २०१५ साली इंग्लंडच्याच हेरफोर्डशायर भागात दोन माणसांना याच यंत्राने व्हायकिंग काळातील ठेव सापडली. त्यांनी जमिनीच्या मालकाला सांगितले नाही, सरकारला कळवले नाही. गुपचूप नाणी विकायला काढली. सुमारे तीनशे नाणी असावीत असा तपास करणाऱ्यांचा अंदाज. परत मिळाली फक्त ३१. २०१९ साली न्यायालयाने त्यांना तुरुंगात पाठवले. वेळीच कळवले असते तर कायद्यानेच त्यांना मोठे बक्षीस मिळाले असते. ती नाणी राजा आल्फ्रेडच्या काळची होती. जी हरवली, त्यांच्याबरोबर इतिहासाचा एक भागही हरवला. यंत्र तेच, माती तशीच, सोनेही तसेच. फरक पडला तो ऐकणाऱ्या हृदयाचा.

आपण म्हणाल, आमच्याकडे कोण असे यंत्र घेऊन फिरतो? आणि आपल्या देशात तर १८७८ पासून कायदा आहे की असे गुप्तधन सापडले तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावे. खरे आहे. पण प्रियजनहो, आपल्याही जमिनीतून धन निघाले आहे. ज्या वाडीत आपल्या आजोबा-पणजोबांनी पहाटे उठून केळी शिंपल्या, भाजी पिकवली, त्या वाडीच्या एका गुंठ्याला आज जो भाव आहे तो त्यांनी स्वप्नातही पाहिला नसता. हे धन आपण कमावलेले नाही. ते आपल्याला सापडले आहे. आणि येथेच आपली परीक्षा आहे.

किती तरी घरांत बहिणीने हक्कसोड पत्रावर सही केलेली असते. भावाच्या मायेपोटी केली, माहेर तुटू नये म्हणून केली, आईवडिलांचा शब्द मोडवला नाही म्हणून केली. वाडी राहील, भाऊ कसेल, आपण सणासुदीला येऊ, एवढेच तिच्या मनात होते. काही वर्षांनी बिल्डर येतो, व्यवहार होतो, मोठे घर उभे राहते. बहीण भाड्याच्या खोलीत, तिच्या नवऱ्याच्या औषधांची ओढाताण. आणि भाऊ म्हणतो, तिने सही दिली, आता तिचा काय संबंध? लग्नात तिला दागिने घातले होते की! मृत्युपत्र नसेल तर १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने ख्रिस्ती बापाच्या मालमत्तेत मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखाच आहे. पण सही झाली की कागदावर बहिणीचा हक्क संपतो. कागद भावाच्या बाजूने आहे. लॉजच्या बाजूनेही कायदा होताच! मित्राला काही देऊ नको, असे म्हणायला त्याला कोणी अडवले नसते.

फादर जमिनीच्या भानगडीत का पडतात, असे काहींना वाटेल. आम्ही कोणाच्या सातबाऱ्यात डोकावत नाही. कोणत्या घरात काय ठरले, त्याला कारणे काय, हे त्या घरालाच ठाऊक. काही बहिणींनी सुखाने आणि समजून सोडले असेल. काही भावांनी न मागता भरभरून दिलेही असेल. त्यांचे देव भले करो! पण वेदीकडे येताना भावंडाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असे आठवले, तर आधी जाऊन समेट करावा, असे स्वतः प्रभूनेच शिकवले आहे. म्हणून हे बोलणे वेदीजवळचेच आहे. हे ऐकताना कोणाच्या आत काही वाजले असेल, तर आमची एवढीच विनंती आहे : तो आवाज बंद करू नका. येत्या रविवारच्या आत तिच्या घरी जा. हिशेब नंतर होईल. आधी बसा, चहा घ्या, आणि ‘तुझे काय चालले आहे’ असे विचारा. ज्यांच्यावर अन्याय झाला आहे त्या बहिणींनाही आमची विनंती आहे. भाऊ दाराशी आला तर दार उघडा.

शेवटी त्या हॉक्सनच्या पेटीकडे पुन्हा वळू या. तिच्यातील काही चमच्यांवर ख्रिस्ताच्या नावाचे चिन्ह कोरलेले आहे. म्हणजे ती ठेव बहुधा आपल्यासारख्याच ख्रिस्ती कुटुंबाची. एका सोन्याच्या कंकणावर युलियाना नावाच्या बाईला सुखाने वापरण्याची शुभेच्छा आहे. सर्वांत अलीकडचे नाणे इ. स. ४०७-४०८ मधले. रोमन सत्ता ब्रिटनमधून निघून जात होती. अशा अस्थिर दिवसांत कोणीतरी चांदीची छोटी कुलपे लावून, गवत भरून, काळजीने ही पेटी पुरली आणि मनाशी म्हटले असेल, पुन्हा येऊ तेव्हा काढू. कोणी परत आले नाही. सुखाने वापरायचे कंकण जवळजवळ सोळाशे वर्षे अंधारात पडून राहिले.

आपण जे झाकून ठेवू, ते आपल्या उपयोगाचे राहील याची शाश्वती नाही. जे देऊन टाकू, ते मात्र कसर आणि गंज लागणार नाही अशा ठिकाणी जमा होते. संत पौल आज आपल्याला आठवण देतो की देवावर प्रीती करणाऱ्यांसाठी देव सर्व गोष्टींतून भले घडवून आणतो. हरवलेल्या हातोड्यातूनसुद्धा! दुसऱ्याची साधी वस्तू शोधून द्यायला जो वाकला, त्याला ठेव सापडली. आपणही आपल्या माणसांचे जे काही हरवले असेल ते शोधायला वाकू या.

हे प्रभो, आम्हांला ऐकणारे हृदय दे. जे सापडले ते लपवण्याचा मोह आमच्यापासून दूर ठेव, आणि तुझ्या राज्यासाठी मूठ उघडण्याचा आनंद आम्हांला चाखू दे. आमेन.

तुमचे प्रमुख धर्मगुरू