घर झाडताना



१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बोधिसत्त्व बाबासाहेबांनी लाखो लोकांना बावीस प्रतिज्ञा दिल्या आणि त्यानंतर कितीतरी घरांतले देव बाहेर गेले. आजही दीक्षा घेतलेल्या घरात पहिला प्रश्न देव्हाऱ्याचाच येतो. परंतु देव गेले तरी कोनाडा रिकामा राहत नाही. तेथे औषधाच्या जुन्या बाटल्या येतात, बंद घड्याळ येते. उंबऱ्यावर काळी बाहुली तशीच लोंबत असते, कारण “असू दे, काय खाते-पिते का?”

घर झाडणे हा धम्माचा विषय आहे काय? विनयपिटकाच्या चुल्लवग्गात पाहा. विहारात आलेल्या भिक्खूने खोली कशी झाडावी हे तेथे बारकाईने सांगितले आहे. आधी अंथरूण, उशी, खाट, चौरंग बाहेर काढावे आणि कोणती वस्तू कोठे होती हे ध्यानात ठेवावे. जळमटे प्रथम छतावरची काढावीत, मग खिडक्या आणि कोपरे. धूळ उडू नये म्हणून जमिनीवर पाणी शिंपडून केर काढावा. अंथरूण झटकायचे तर पिण्याच्या पाण्याजवळ नाही आणि वाऱ्याच्या दिशेला तोंड करून नाही. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या शिस्तीत मंत्र नाही, मुहूर्त नाही. दुसऱ्याच्या अंगावर आपली धूळ जाऊ नये एवढी काळजी आहे.

आता टाकायचे काय? आपल्या माणसांनी वस्तू साठवल्या त्या लोभाने नव्हे. उद्या मिळेल की नाही, या भीतीने साठवल्या. फुटका डबासुद्धा माळ्यावर जातो, त्यामागे आजीने भोगलेले दुष्काळ असतात. म्हणून घरच्या म्हातारीला कंजूस म्हणू नये. राजा उदेनाने भिक्खू आनंदांना विचारले होते, एवढी चीवरे घेऊन तुम्ही करता काय? आनंद म्हणाले, ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्यांना वाटतो. जुन्या चीवरांचे पलंगपोस होतात, मग गादीच्या खोळी, मग जमिनीवरची अंथरणी, पायपुसणी, झाडण्याची फडकी. शेवटी ती कुटून चिखलात मिसळून जमिनीला लिंपतात. आमच्या आयाही लुगड्याची गोधडी आणि गोधडीचे पोतेरे करीत आल्या. तेव्हा माळ्यावरची प्रत्येक वस्तू हाती घेऊन एवढेच विचारावे, हिला पुढचे काम आहे काय? असेल तर या आठवड्यातच ते करून टाकावे. नसेल तर ती मोडीत जाऊ द्यावी. स्वयंपाकघरातल्या फुटक्या बरण्यांना, झाकण हरवलेल्या डब्यांना हाच नियम.

मी शिक्षक आहे, म्हणून मुलांच्या कोपऱ्याविषयी थोडे अधिक लिहितो. वह्यांवर तेलाचे डाग दिसले, पुस्तक पिठाच्या डब्यामागे “हरवले” असे कळले, की त्या मुलाच्या घरात दप्तराला जागा नाही हे मी ओळखतो. जागा नाही, हे उत्तर मात्र पटत नाही. परळच्या चाळीत एकाच खोलीत बाबासाहेबांचे घर होते. सुभेदार रामजी रात्री दोन वाजेपर्यंत जागे राहत, मग मुलाला अभ्यासाला उठवून स्वतः आडवे होत. खोली वाढवता आली नाही, तेव्हा त्या बापाने वेळ वाटून घेतली. पुढे याच विद्यार्थ्याने दादरला राजगृह बांधले, तेही ग्रंथांसाठी. देव्हाऱ्याचा कोनाडा मोकळा झाला असेल तर तेथे दप्तर ठेवा. वर बुद्ध-बाबासाहेबांची तसबीर असावी. पण तसबिरीपुढे नारळ आणि हळदकुंकवाची वाटी आली, तर नवा देव्हारा बसला असे समजा.

राहिली बाहुली आणि दारावरची लिंबू-मिरची. त्यांना विलंब नको, आजच काढा. टाकांचे तसे नाही. सासूबाईंनी टाक फडक्यात बांधून ट्रंकेच्या तळाशी ठेवले असतील. तरुण मुले ते हिसकावून फेकायला निघतात, घरात रडारड होते आणि प्रतिज्ञा म्हणणाऱ्या तोंडातून शिव्या बाहेर पडतात. ती ट्रंक तिची आहे. वंदनेच्या वेळी तिला शेजारी बसवा, नातवाकडून तिला ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ वाचून दाखवा. कधीतरी तीच विचारील, “या चांदीचे काय येईल रे?” त्या दिवशी सोनाराकडे तिच्यासोबत जा, आणि पैसे तिच्याच हातात द्या.