रांजणातली ज्वारी

ईटमध्ये एक म्हातारी राहायची. भूम तालुक्यातल्या या गावात ती लग्न होऊन आली तेव्हा इथं निजामाचं राज्य होतं आणि तिचं वय अंगणात खेळायचं होतं. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाचं राज्य गेलं. पुढच्या आषाढात सासऱ्यामागं चालत ती पंढरपूरला गेली आणि गळ्यात तुळशीची माळ घालून आली. ती माळ शेवटपर्यंत निघाली नाही.

म्हातारीला अक्षरओळख नव्हती, पण हरिपाठ तोंडपाठ होता. महिन्याच्या दोन्ही एकादश्या ती धरायची. आता एकादशी कोण धरत नाही? साबुदाण्याची खिचडी, भगर, दाण्याची आमटी, वर उकडलेली रताळी. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ असं लोक उगाच म्हणत नाहीत. म्हातारी मात्र पाण्यावर राहायची. फार तर मूठभर शेंगा खायची. आणि सकाळी हरिपाठ झाला की एक काम करायची. दोन वेळच्या भाकरीला आपल्याला जेवढी ज्वारी लागली असती, तेवढी मापून ओसरीतल्या रांजणात ओतायची. बरोबर एक मापटं.

एकदा सुनेनं विचारलं, “आत्याबाई, हे वेगळं कशाला ठेवता?”

“माझ्या वाटणीचं हाय. मी खाल्लं न्हाई, म्हणून ते घराचं होतंय व्हय?”

सुनेनं पुन्हा विचारलं नाही.

वर्षाच्या चोवीस एकादश्या. चोवीस मापटी म्हणजे तीन पायल्या ज्वारी. पैठणहून एकनाथमहाराजांची पालखी निघते. ती पाटोद्यावरून खर्ड्याला येते आणि दांडेगाव, अनाळे, परांडा करत पंढरपूरकडं जाते. पालखी खर्ड्याजवळ आल्याची खबर लागली की म्हातारी रांजण उपडा करायची. आत हात घालून तळ पुसून काढायची, रिकामा रांजण उन्हात ठेवायची. रात्रभर दळण आणि भाकरी चालायच्या. पहाटे डोक्यावर पाटी घेऊन ती दांडेगावच्या वाटेवर जाऊन बसायची. येईल त्या वारकऱ्याच्या हातावर भाकरी आणि ठेचा. पाटी रिकामी झाली की घरी.

१९७२ साली पाऊस आला नाही. विहिरी आटल्या. माणसं खडी फोडायला जाऊ लागली. कामावर सुकडी मिळायची, रेशनवर परदेशातली तांबडी मिलो मिळायची. घरात ज्वारीचा दाणा उरला नाही. रांजणात थोडी होती. म्हातारी तेव्हा चाळिशीचीही नव्हती. एक दिवस तिनं तो रांजण काढला, भाकरी केल्या आणि खडीच्या कामावर नेऊन बायांना वाटल्या. घरच्यांनाही त्यातलीच अर्धी अर्धी भाकरी दिली.

नवरा म्हणाला, “अगं, ते पालखीचं होतं ना?”

“पालखीला अजून अवकाश हाय. भूक आजच आलीया.”

दिवस पालटले. मुलं मोठी झाली, नातवंडं झाली. नातवानं खव्याची भट्टी घातली. या भागात दूध भरपूर, खवा पार पुण्या-मुंबईला जातो. घराला स्लॅब पडला. म्हातारीचे गुडघे गेले. मग ती दुधाच्या टेम्पोत बसून पालखीच्या वाटेवर जायची. मापटं चुकलं नाही.

नव्वदीला टेकल्यावर ती गेली. एकादशीच्या दिवशी गेली, असं पुढं गावात सांगू लागले. खरं तर तो साधा मंगळवार होता. माणसाला मोठं करायला तिथी बदलायची गरज नसते, पण लोकांना राहवत नाही.

नातवाचा आजीवर फार जीव होता. त्यानं तेराव्याला कीर्तन ठेवलं. स्टँडवर फ्लेक्स लावला. तेवढ्यानं त्याचं समाधान होईना. त्याला रांजण आठवला. आत पाच-सहा मापटी ज्वारी होती, आजीच्या हातची. त्यानं गवंडी बोलावला. ओसरीत कट्टा बांधला, त्यावर रांजण सिमेंटमध्ये पक्का बसवला. तोंडाला भगवं कापड बांधून वरून लिंपलं. समोर समई ठेवली. रोज हार बदलायचा, एकादशीला दोन हार. आलागेला पाया पडायचा. नातू सांगायचा, “आमच्या आजीचा उपवास आहे हा.”

एकादशीला घरात खिचडी व्हायची, पेढे व्हायचे. ज्वारीचं मापटं भिंतीतल्या कोनाड्यात पडून होतं.

पहिला आषाढ तसाच गेला. दुसऱ्या आषाढात पालखी आली. दिंडीत एक पाठीत वाकलेली बाई होती. वर्षानुवर्षं तिनं त्या वाटेवर म्हातारीच्या हातची भाकरी खाल्ली होती. गेल्या साली म्हातारी दिसली नव्हती, यंदाही दिसेना. तिनं दुधाचा टेम्पो थांबवला, विचारपूस केली आणि त्याच टेम्पोनं ईटला आली.

नातवानं तिचे पाय धुतले. मग मोठ्या कौतुकानं रांजणापाशी नेलं. बाईनं हात जोडले. थोडा वेळ बघत उभी राहिली.

“आत काय हाय?”

“आजीची ज्वारी. तशीच ठेवली, माउली. हात लावला नाही कुणी.”

“उघड बरं.”

नातू कचरला. पण वारकऱ्याला नाही कसं म्हणायचं? त्यानं लिंपण फोडलं, कापड सोडलं. आतून पांढरा भुगा उडाला. टोके भराभरा काठावर चढून आले. त्यानं मूठ भरून वर काढली, तर हातात नुसती टरफलं आणि पीठ.

नातवाचा चेहरा उतरला. “असं कसं झालं? आजी होती तोवर या रांजणात कधी किडा पडला नाही. तिची पुण्याईच तशी होती.”

म्हातारी वारकरीण हसली. “पुण्याई हुतीच, बाबा. पर किड्याचं कारण येगळं हाय. दरसाली आषाढ आला की ती तळ पुसून काढायची. किड्याला ऱ्हायला सवड कुठं हुती?”

नातू गप्प झाला.

“तुझ्या आजीला मी चाळीस वर्सं वळखत हुते,” बाई म्हणाली. “पर हा रांजण आज पयल्यांदाच बघितला. मी वळखत हुते ती भाकरी. माणसाची आठवण झाकून ठिवली की तिला किडा लागतो, लेकरा. वाटत ऱ्हायलास, तर टिकंल.”

तिनं पिशवी उचलली. टेम्पो परत निघायच्या बेतात होता. दिंडी गाठायची होती.

नातसून दारात उभी राहून सगळं ऐकत होती. तिनं आधी किडकी ज्वारी कोंबड्यांना घातली. मग रांजण धुवायला काढायचं ठरलं, पण तो सिमेंटमध्ये घट्ट बसला होता. गवंड्यानं छिन्नी लावली आणि रांजणाला उभी चीर गेली. नातू हळहळला. नातसुनेनं भट्टीवरचा दुधाचा एक जुना कॅन आणला, घासून उन्हात वाळवला आणि ओसरीत ठेवला.

आषाढी एकादशीला नातू ताटावर बसला. खिचडी वाढायच्या आधी बायकोनं कोनाड्यातलं मापटं त्याच्या पुढ्यात ठेवलं.

“आधी हे.”

तो उठला. पोत्यातून मापटं भरून आणलं आणि कॅनमध्ये ओतलं. बायकोनं रिकामं मापटं पुन्हा त्याच्या हातात दिलं.

“आता का?”

“एक तुमचं झालं. माझं कोण घालणार?”

पुढच्या आषाढात पालखी खर्ड्याजवळ आली तेव्हा त्यांनी कॅन उपडा केला. त्या वर्षी अधिक महिना आला होता. त्यामुळं दोघांच्या सहा पायल्यांवर दोन शेर ज्वारी जास्त निघाली, आणि रात्री भाकरी थापायला शेजारणीलाही बोलवावं लागलं.