पंगतीची निवड कोणीं करावी?

सत्य बोलल्यानें दुसऱ्याचें अकल्याण होत असेल तर काय करावें, असले थोर प्रश्न नीतिशास्त्राच्या ग्रंथांतून नेहमीं चर्चिले जातात, आणि ते चर्चिले जावे हें योग्यच आहे. परंतु सामान्य गृहस्थाच्या आयुष्यांत असे प्रसंग किती वेळां येतात? त्याच्या नीतीची खरी परीक्षा पुष्कळदां फार लहान प्रसंगीं होत असते. मोठ्या शहरांत दहाबारा आप्तेष्ट एकत्र जमले असतां रात्रीं जेवावयास कोठें जावें, हा असाच एक लहान प्रसंग आहे. तो लहान आहे म्हणून वाचकांनीं हंसून पान उलटूं नये अशी आमची विनंति आहे. कारण दहा माणसांच्या वतीनें एकानें कांहीं ठरविणें म्हणजे, एका रात्रीपुरतें कां होईना, दहा माणसांवर राज्य करणेंच होय.

आमच्या यवतमाळ जिल्ह्यांत हा प्रश्न वाडवडिलांना फारसा पडला नाहीं. लग्नाच्या मांडवांत पंगत बसे आणि पत्रावळीवर जें येई तें सर्वांना सारखेंच येई. शेतांत रोडग्यांचा बेत असला म्हणजे गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे, वरण आणि वांग्याची भाजी एवढेंच असे; आवडीनिवडीला तेथें जागाच नव्हती. वाढणाऱ्यानें एकाच्या पानावर तुपाची धार अधिक धरली आणि शेजारच्याच्या पानावर आंखडती घेतली, तर त्या दोषाला मराठींत ‘पंक्तिप्रपंच’ असें स्वतंत्र नांव आहे. इतक्या बारीक अन्यायाला जी भाषा स्वतंत्र शब्द देते, ती बोलणाऱ्यांना त्या अन्यायाची टोचणी खचित असली पाहिजे. मात्र त्याच लोकांनीं पंगतीच्या बाहेर कोणाला बसविलें होतें, हेंहि विसरून चालणार नाहीं. तुपाच्या धारेंतला भेद त्यांना दिसे. अंगणाबाहेर बसविलेला मनुष्य दिसत नसे. पंगतीचा न्याय हा पंगतींत घेतलेल्यांपुरताच होता.

कोठें आणि कोणाबरोबर खावें-प्यावें हा प्रश्न महाराष्ट्रांत एके काळीं केवढा जड होता, हें पाहावयाचें असेल तर १८९० सालच्या पुण्याकडे पाहावें. त्या वर्षीं ऑक्टोबर महिन्यांत पंचहौद मिशनमधील एका सभेनंतर जमलेल्या मंडळींपुढें चहा ठेवण्यांत आला. रानडे आणि टिळक हे दोघेहि तेथें होते. कोणीं चहा घेतला, कोणीं यजमानांचा मान राखण्यापुरता पेला हातीं धरला. पुढें उपस्थितांचीं नांवें वर्तमानपत्रांत प्रसिद्ध झालीं, ग्रामण्य माजलें, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, आणि १८९२ मध्यें रानड्यांनीं प्रायश्चित्त घेतलें. या प्रकरणाचा धार्मिक भाग आतां इतिहासजमा झाला आहे. आम्हांस त्यांतील दुसरीच गोष्ट लक्षांत ठेवावीशी वाटते. पेला समोर आल्यावर तो नाकारणें हें, तो येण्यापूर्वीं नाकारण्यापेक्षां, दसपट कठीण असतें. भरल्या मेजापाशीं मनुष्य स्वतंत्र नसतो. तेथें त्याची भीड त्याच्या वतीनें बोलत असते.

आतां काळ पालटला आहे. यवतमाळचीं मुलें पुण्यामुंबईस नोकऱ्या करतात, आणि त्यांना भेटावयास गेलेल्या वडीलधाऱ्यांना तीं हौसेनें इटालियन उपाहारगृहांत नेतात. ही निवड मुळांत वाईट नाहीं. पिझ्झा मध्यें ठेवून सर्वांना तोडून घेतां येतो. पास्ता व रिसोटो यांत शाकाहारी प्रकार पुष्कळ. आणि कांदा-लसूण न खाणाऱ्यांचीहि सोय आपल्याकडील अनेक ठिकाणीं होते. शिवाय सोबत्याला इटालियन भाषेंत ‘कोम्पान्यो’ म्हणतात, व त्या शब्दाचें मूळ ‘एकत्र भाकरी खाणारा’ असें आहे. ज्या भाषेनें सोबत्याची व्याख्या भाकरीवरून केली, तिच्या देशाचें अन्न दहा जणांनीं वांटून खावें यांत औचित्यच आहे.

गेल्या हिंवाळ्यांत आमच्या कुटुंबांतील अकरा माणसें अशींच मुंबईंत एकत्र आलीं. यवतमाळहून जाणाऱ्यांनीं धामणगांवला गाडी धरली, कांहीं मंडळी पुण्याहून आली. आमच्या एका पुतण्यानें एक इटालियन उपाहारगृह सुचविलें. तेथें संगीत असतें, गर्दी असते, सारें कसें जिवंत वाटतें, असें त्याचें म्हणणें होतें. त्यानें मोबाईलवर सर्वांस विचारलें. आठ जणांनीं तत्काळ होकार दिला, त्यांत आम्हीहि होतों. दोघांनीं कांहींच उत्तर दिलें नाहीं. अकराव्या आमच्या वृद्ध काकू. त्यांच्याजवळ मोबाईल नसल्यामुळें त्यांस विचारण्याचें कोणाच्या मनांतच आलें नाहीं. आठ मतें पडलीं, विरोध कोणाचाच नाहीं. तेव्हां निर्णय एकमतानें झाला असें आम्हीं सर्वांनीं मानलें.

उत्तर न देणाऱ्या दोघांपैकीं एक आमचे काका. त्यांना अलीकडे ऐकूं कमी येतें. त्या संगीताच्या कल्लोळांत शेजारच्याचाहि शब्द त्यांच्या कानीं पडेना. ते सबंध वेळ मंद हंसत बसले होते, आणि आम्ही म्हणत होतों, काका किती खूष आहेत! दुसरा आमचा चुलतभाऊ, दारव्हा तालुक्यांत कापसाची शेती करणारा. भावपत्रक हातीं येतांच तो म्हणाला, “मला आज उपवास आहे, तुम्ही जेवा.” त्या दिवशीं एकादशी नव्हती, चतुर्थी नव्हती, कोणताहि वार तो पाळीत नाहीं, हें आम्हांस पक्कें ठाऊक होतें. त्यानें लिंबाचें सरबत तेवढें घेतलें. शेवटीं बिल आलें आणि कोणीसें उत्साहानें म्हणालें, “अकरा सारखे भाग करूं.” त्यानें खिशांतून नोटा काढल्या, दोनदां मोजल्या आणि मेजावर ठेवल्या. आम्हीं तें पाहिलें आणि गप्प बसलों. हा लेख आम्ही लिहीत आहों तो त्या गप्प बसण्यामुळें.

काकूंची गोष्ट मात्र उलट घडली. पुतण्यानें मोठ्या मायेनें विचारलें, “आजी, तुझ्यासाठीं वरणभात कुठून मागवूं कां?” काकू म्हणाल्या, “मला एकटीला वेगळं कशाला? तुम्ही खाता तेच दे.” त्यांनीं पिझ्झाचा तुकडा उलटापालटा करून पाहिला, खालची भाजलेली बाजू निरखली, आणि म्हणाल्या, “हा तर आपल्या रोडग्याचाच भाऊ, शहरात राहून चपटा झालेला!” त्या रात्रीं सर्वांत अधिक चवीनें त्याच जेवल्या. आम्हीं काकांचें मौन हा होकार मानला, आणि काकूंचें वय हा नकार मानला. दोन्हीं ठिकाणीं चुकलों.

आतां न्याय काय? ‘पुष्कळांचें पुष्कळ सुख’ हें मिल्लच्या पंथाचें सूत्र येथें लाविलें तर आमच्याकडून कांहींच प्रमाद झाला नाहीं असें ठरेल. अकरांपैकीं नऊ जण आनंदांत होते. दोघांच्या अस्वस्थतेची वजाबाकी केली तरी शिल्लक भरपूर उरते. परंतु या हिशेबांत एक गफलत आहे. आठ जणांना दुसऱ्या उपाहारगृहांत नेलें असतें तर त्यांचा थोडा हिरमोड झाला असता. आमच्या चुलतभावाचा जो झाला तो हिरमोड नव्हे. तो पाणउतारा होता, आणि तो आपल्याच माणसांत बसून त्याला गिळावा लागला. या दोन गोष्टी एकाच तराजूंत घालतां येत नाहींत. कितीहि जणांची हौस एकत्र केली तरी तिच्यांतून एकाच्या अपमानाची भरपाई होत नाहीं.

आम्हांस असें दिसतें कीं, अशा प्रसंगीं माणसाचें म्हणणें तीन प्रकारचें असूं शकतें. पहिला प्रकार निषेधाचा: व्रत, धर्म अथवा वैद्याची आज्ञा यांमुळें जें खातांच येत नाहीं तें. उदाहरणार्थ, इटलींतील अस्सल पार्मिजानो चीज करतांना दूध साकळविण्यासाठीं वासराच्या जठरांतील द्रव्य वापरतात. कडक शाकाहारी मनुष्यास हें आधीं कळलें पाहिजे. दुसरा प्रकार अडचणीचा: पैसा, कान, गुडघे, घरीं परतण्याची शेवटची गाडी. तिसरा प्रकार निव्वळ आवडीचा. यांपैकीं बहुमताचें राज्य केवळ तिसऱ्या प्रांतांत चालावें. पिझ्झा कीं पास्ता, खिडकीजवळ कीं आंत, हें खुशाल हात वर करून ठरवा. परंतु पहिल्या दोन प्रांतांत एकाचाहि अडथळा असेल तर तो सर्वांनीं मानलाच पाहिजे. तेथें मतें मोजणें म्हणजे संख्येच्या जोरावर दुबळ्याला दाबणें होय.

यावर कोणी म्हणेल, अशानें प्रत्येक वेळीं सर्वांत स्वस्त, सर्वांत शांत आणि सर्वांत बेचव जागाच निवडावी लागेल. तरुणांच्या हौसेला कांहीं मोलच नाहीं काय? हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचें उत्तर काकूंनींच दिलें आहे. दुबळ्याची काळजी घेणें म्हणजे त्याच्या वतीनें आपणच निर्णय करणें नव्हे. तसें करणें हाहि एक पंक्तिप्रपंचच होय. फक्त त्यांत तूप कमी वाढण्याऐवजीं वरणभात वेगळा वाढला जातो. त्याला विचारलें पाहिजे, आणि तें चारचौघांत नव्हे, एकट्याला, आधीं, नकार देतां येईल अशा रीतीनें. चुलतभावाला आदल्या दिवशीं कोणी म्हणालें असतें, “दादा, उद्यांचें जेवण माझ्याकडे,” तर कदाचित् तेंच उपाहारगृह आणि तोच पिझ्झा त्यालाहि गोड लागला असता. दोष बहुतेक वेळां जागेच्या निवडीत नसून ती ज्या रीतीनें केली जाते तींत असतो.

‘जिवंत’ जागा म्हणजे काय, याचाहि विचार व्हावयास पाहिजे. जर्मन तत्त्वज्ञ कांट यानें १७९८ च्या आपल्या एका ग्रंथांत जेवणाच्या मेजावर तीनांहून कमी व नवांहून अधिक माणसें नसावींत असें म्हटलें आहे. यांतील मर्म असें कीं, संभाषण सर्वांचें मिळून एकच राहिलें पाहिजे. तेव्हां जिवंतपणा हा मेजाभोंवतालच्या माणसांचा गुण आहे, दिवाणखान्याचा नव्हे. ज्या ठिकाणीं एका वृद्धाला एकहि शब्द ऐकूं येत नाहीं, तेथें कितीहि वाद्यें वाजोत, त्याच्यापुरतें तें ठिकाण निर्जीवच होय.

आणखी एक विचार त्या भावपत्रकानें आमच्या मनांत उत्पन्न केला. इटलींत ‘त्रात्तोरिया’ म्हणजे साधी, घरगुती वळणाची खानावळ. आमच्या महानगरांत तो शब्द पाटीवर आला कीं किंमती चढतात. त्या यादींत ‘पोलेंटा’ नांवाचा एक पदार्थ होता. तो मक्याच्या भरड पिठाचा असतो, आमच्याकडील ज्वारीच्या कण्यांसारखा. उत्तर इटलींतील गरीब शेतकरी अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत जवळजवळ त्यावरच जगत, आणि त्या एकसुरी आहारामुळें त्यांना पेलाग्रा नांवाचा भयंकर रोग जडे. एका शेतकऱ्याचें दारिद्र्य दूरदेशीं जाऊन पक्वान्न झालें होतें, आणि दुसरा शेतकरी त्याच्यासमोर उपवास आहे म्हणून बसला होता. अन्नाचा यांत कांहीं अपराध नाहीं. परंतु आपण काय खात आहों याइतकेंच, आपल्याबरोबर बसून कोण खाऊं शकत नाहीं, हेंहि पाहाणें जेवणाराचें कर्तव्य आहे.

ज्यांना विचारलें जातें त्यांच्यावरहि एक ऋण आहे. “मला कांहींहि चालेल” हें वाक्य आपल्याकडे विनयाचें मानलें जातें; पण पुष्कळदां तो विनय नसून आपला भार दुसऱ्याच्या तर्कावर टाकणें असतें. भीड ही भिकेची बहीण, असें आपणच म्हणतों. जो प्रेमानें आणि एकांतांत विचारतो त्याला खरें सांगणें, हा त्याच्या प्रेमाचाच मान राखणें होय. अर्थात् हें ऋण विचारणाऱ्यानें आपलें कर्तव्य केल्यानंतरचें आहे. आमच्या चुलतभावाकडून त्याची अपेक्षा करण्याचा अधिकार आम्हांस नव्हता.

येत्या हिंवाळ्यांत मंडळी पुन्हां जमणार आहेत. पुतण्यानें पुन्हां इटालियनच म्हटलें आहे, आणि काकूंनीं त्यास आनंदानें दुजोरा दिला आहे. या खेपेस आम्हीं जागा ठरविण्यापूर्वीं काकांना घरीं जाऊन भेटलों; एका कोपऱ्यांतलें, संगीतापासून दूरचें मेज मिळालें तर त्यांची हरकत नाहीं. चुलतभावाला अजून विचारावयाचें आहे. जेवण आमच्याकडे, हें त्याला कोणत्या शब्दांत सांगावें म्हणजे त्याला तें उपकारासारखें वाटणार नाहीं, याचा विचार आम्ही कित्येक दिवस करीत आहों. वाक्य साधें आहे, पण तें बोलण्याचा धीर अद्यापि झालेला नाहीं. तो होईपर्यंत जागा ठरवावयाची नाहीं, एवढें मात्र आम्हीं ठरविलें आहे.